पाच मिली पाणी

सातारा
१२ जानेवारी २०२५

प्रिय मेहरून मावशी,

सलाम. पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. परवा फोन केला तर तुम्ही मला दहा मिनिटं तुमच्या गुडघ्यांबद्दल सांगितलंत आणि मी विचारलेलं एक अक्षर तुम्हाला ऐकू गेलं नाही. कानाचं मशीन कपाटात आहे, असं इलियासचाचांनी मागून ओरडून सांगितलं. म्हणून कागदावर उतरले.

माझं बरं चाललंय. भूमी अभिलेख कार्यालयातली नोकरी तीच. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. या वर्षी एक नवीन गोष्ट आहे. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, १९ एप्रिलला, इथल्या चर्चमध्ये मी बाप्तिस्मा घेणार आहे.

आई गेली त्याला या उन्हाळ्यात चार वर्षं होतील. तेव्हापासून मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, मुख्य प्रार्थनेला, जाते. शेवटच्या ओळीत बसते. सगळे कम्युनियन घ्यायला, म्हणजे ती पवित्र भाकर घ्यायला, पुढे जायला लागले की गुडघे बाजूला करून त्यांना वाट देते. आईही असंच करायची. नाताळला वर्षातून एकदा ती मला सांगलीच्या चर्चमध्ये घेऊन जायची आणि सगळे उठले तरी ती बाकावरच बसून राहायची. तिचं लग्न कोर्टात झालेलं, चर्चमध्ये नाही, म्हणून तिला ती भाकर घेता येत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं तिचे पाय दुखतात.

फादर नगरकडचे आहेत, शाळामास्तरासारखे समजावून सांगतात. दीक्षेचे संस्कार तीन. बाप्तिस्म्याचं पाणी, दृढीकरणाचं तेल आणि कम्युनियनची भाकर. पाण्यानं माणूस घरात येतो, तेलानं त्या घरचा म्हणून उभा राहतो आणि मग पंगतीला बसतो. मोठ्या माणसाला तिन्ही एकाच दिवशी मिळतात. मला ते पटलं. आमच्या खात्यात तीन कामांना तीन वर्षं लागतात.

आप्पांना दिवाळीत सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. "तू आता आमची राहनार न्हाईस," एवढं म्हणाले आणि उसाला पाणी द्यायला गेले.

तुमच्याकडे काम एका ओळीचं आहे. फादरांच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, पूर्वी कधी बाप्तिस्मा झाला आहे का. माझा जन्म सांगलीच्या दवाखान्यात, तुमच्याच वॉर्डातला, आणि आईच्या बाजूचं माहीत असलेलं माणूस तुमच्याशिवाय आता कोणी नाही. लहानपणी आईनं मला चर्चमध्ये नेऊन पाणी घातलं होतं का? "नाही" असं लिहून सही करून पाठवा, म्हणजे कागद पूर्ण होईल.

तुमची,
क्रांती


आष्टा
२१ जानेवारी २०२५

क्रांतीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर आईसारखं आहे, फक्त तुझं जरा जास्त रागीट. कानाचं मशीन घातलं की मला आमच्या गादीच्या कारखान्यातली कापूस पिंजायची मशीन डोक्यात चालू असल्यासारखं वाटतं. तेवढी एक चाचांना आयुष्यभर पुरली, मला दुसरी नको.

तू चर्चमध्ये जातेस हे वाचून बरं वाटलं. माणसानं कुठंतरी जावं. मंगलला तू शेवटच्या ओळीत बसलेली दिसत असशील.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मंगलनं तुला लहानपणी पाणी घालायला चर्चमध्ये नेलं नव्हतं. हे खरं आहे, खाली सही करते.

पण एक सांग. समजा कोणाला आधी पाणी घातलेलं असलं तर काय होतं? पुन्हा घालायला हरकत काय? सहज विचारते.

गुडघ्यांचं विचारलं नाहीस. तसेच आहेत.

मेहरुनबी इलियास नदाफ
(निवृत्त स्टाफ नर्स)


सातारा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

उत्तराबद्दल आभार. फादरांनी ते फाइलला लावलं. फॉर्म पूर्ण.

तुमचा प्रश्न मी त्यांना विचारला, कारण मलाही उत्सुकता होती. ते म्हणाले, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. त्याची खूण आत्म्यावर उमटते आणि ती पुसता येत नाही, माणसानं चर्च सोडलं तरी. म्हणून दुसऱ्यांदा द्यायचाच नसतो. शिवाय मूल मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही देऊ शकतं. शेजारीण, डॉक्टर, हिंदू, मुसलमान, कोणीही. खरं पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि चर्च जे करतं तेच करायची इच्छा हवी. मी म्हटलं, म्हणजे मोजणीच्या कामाला अधिकारी नसला तर रस्त्यावरच्या कोणीही दगड रोवला तरी हद्द कायम? ते हसले आणि म्हणाले, हो, कारण जमीन त्याची नाही, देवाची आहे. त्यांना वादात हरवता येत नाही.

पण मावशी, तुम्ही "सहज" काही विचारत नाही, हे मला माहीत आहे. आप्पांनी तुम्हाला मध्ये घातलंय का? "पोरीला समजवा" म्हणाले असतील. तुम्हालाही माझं हे आवडलं नसेल तर सरळ लिहा.

९ मार्चला, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, आमची नावं सगळ्यांसमोर पुकारून यादीत लिहिणार आहेत. पांढरी साडी घेतली आहे. एकोणतीस वर्षांच्या बाईला पांढरी साडी दाखवताना दुकानदार चाचरत होता. कशासाठी ते सांगितल्यावर आणखी चाचरला.

मी का घेतेय, हे कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं की आई जिथवर येऊन बसली, तिथून पुढं मला जायचंय. आणि ते पाणी मला जाणतेपणी, उघड्या डोळ्यांनी अंगावर घ्यायचंय.

तुमची,
क्रांती


आष्टा
४ मार्च २०२५

प्रिय क्रांती,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. परवा रोजे सुरू झाले. रमजानात खोटं लिहायचं नाही. मागचं पत्र रमजानच्या आधीचं होतं, आणि त्यातही खोटं असं नव्हतं, अर्धं होतं. आता उरलेलं अर्धं.

तू सात महिन्यांची जन्मलीस, ७ नोव्हेंबर १९९५ ला. चौदाशे ग्रॅम. मंगलचं पोट उघडून तुला काढलं होतं. ती आमच्यातलीच नर्स, माझ्याबरोबर पाच वर्षं ड्यूटी केलेली, पण त्या दिवशी पेशंट होती, उठायची परवानगी नव्हती. तुझे आप्पा, उदयसिंह, तेव्हा फौजेत, जम्मूला. त्यांना तार गेली होती. तुझे आजोबा बाहेर बाकड्यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू निळी पडायला लागलीस. काचेच्या पेटीत होतीस, ऑक्सिजन चालू होता, तरी श्वास थांबायचा, पायाला टिचकी मारली की परत चालू व्हायचा. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना सांगून ठेवा. मी मंगलला सांगायला गेले. नर्सला काय सांगणार, माझं तोंड बघून तिला कळलं.

ती रडली नाही. म्हणाली, "मेहर, पाणी घाल आन् मी सांगते ते शब्द म्हण." मी म्हटलं, चर्चमधल्या कोणाला बोलावते. ती म्हणाली, वेळ नाही. मी म्हटलं, मंगल, मी कशी म्हणू? ते शब्द मला कसे म्हणता येतील, सांग. आमच्यात अल्लाला लेक नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "तू फकस्त त्येच मनात धर, जे माझं चर्च करतं. बाकी माझ्यावर." टेम्परेचरच्या कागदाची कड फाडून तिनं त्यावर ते वाक्य लिहून दिलं. अक्षर सरळ होतं.

मी आत गेले. नळाचं पाणी तुझ्या अंगावर घालणं शक्य नव्हतं, गारठून गेली असतीस. इंजेक्शन कालवायच्या पाण्याची काचेची कुपी घेतली, पाच मिलीची. तोंड मोडलं. मुठीत धरून कोमट केली. तुझं टोपडं मागं सारलं. तुझं कपाळ माझ्या अंगठ्याएवढं. त्यावर ओतलं, तीनदा थोडं थोडं, आणि वाचलं: "क्रांती, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." नाव मंगलनं त्याच कागदावर लिहिलं होतं. तोवर तुला नावही नव्हतं. पाणी कानाकडे वाहिलं, ते मी कापसानं टिपलं. तू तोंड वाकडं केलंस. त्या दिवसात तू पहिल्यांदा काही आवडलं नाही असं दाखवलंस, म्हणून मला बरं वाटलं.

घरी गेले, नमाजला उभी राहिले तर जीभ अडली. अल्लाला म्हटलं, पाणी माझं होतं, शब्द माझे नव्हते. तो काय म्हणाला मला माहीत नाही.

तू जगलीस. पाचव्या दिवशी उदयसिंह आले. त्यांच्या आधी मंगलनं माझा हात धरून कबूल करून घेतलं की हे कोणालाही सांगायचं नाही. लग्नाच्या वेळी तिनं सासऱ्यांना शब्द दिला होता, पोरांना चर्चमध्ये नेऊन ख्रिस्ती करणार नाही. ती म्हणाली, मी नेलं नाही. माणूस संकटात असला की वकील होतो. मी चाचांनाही सांगितलं नाही. मुसलमानाच्या घरात ही गोष्ट सांगायला मला धीर झाला नाही.

तू विचारलंस, मला तुझं आवडलं नाही का. आवडलं आहे. पण तू ज्या पाण्यासाठी साडी घेतलीस ते तुला केव्हाच घातलं आहे. घालणारी मी. माफ कर.

मेहरून


सातारा
११ मार्च २०२५

मावशी,

तुमचं पत्र १० तारखेला मिळालं. ९ ला माझं नाव यादीत लिहून झालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रागावले आहे. तुमच्यावर, आईवर, त्या पाच मिलीवर. आई माझ्या शेजारी पंचवीस वर्षं बसली आणि तिनं हे सांगितलं नाही. मी बाकावर गुडघे बाजूला करत राहिले आणि तिला माहीत होतं.

पत्र फादरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून बसले. ते म्हणतात, साक्षीदार म्हणून तुम्हाला चार प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावी लागतील. पाणी खरं होतं का. ते कपाळाच्या कातडीवरून वाहिलं का, की टोपड्यावर पडलं. शब्द नेमके काय होते. आणि त्या वेळी तुमच्या मनात काय होतं. चारही ठीक असतील तर माझा बाप्तिस्मा झालेला आहे आणि ईस्टरला मला पाणी मिळणार नाही. फक्त तेल आणि भाकर. बाकीचे बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाकडे जातील तेव्हा मी मेणबत्ती धरून बाजूला उभी.

यातलं एखादं उत्तर पक्कं नसेल, खरोखर शंका उरत असेल, तर फादर मला "झाला नसेल तर" अशा अटीनं पाणी घालू शकतात.

म्हणून लिहिते. मावशी, तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या आहात. गोष्ट एकोणतीस वर्षांपूर्वीची. टोपडं मागं सारलं होतं की नव्हतं, हे आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंत तर कोणाला नवल वाटणार नाही. त्यात कोणाचं नुकसानही नाही. उलट तुमचंच बरं, तुम्ही ते शब्द म्हटलेत याला फारसा अर्थ उरणार नाही. तुमच्या घरात कोणाला कळायचं कारण नाही. आणि मला माझं पाणी मिळेल.

माझी रोजची नोकरी बघता हे मी लिहावं याची मला लाज वाटते. तरी लिहिते. आईनं लिहिलेली ती चिठ्ठी अजून आहे का?

क्रांती


आष्टा
२६ मार्च २०२५

प्रिय क्रांती,

वेगळ्या कागदावर चार उत्तरं लिहून सोबत ठेवली आहेत, सही आणि तारखेसह. फादरांना दे. तूही वाच. पाणी इंजेक्शनचं, निखळ. टोपडं मी स्वतः मागं सारलं, पाणी कातडीवर पडलं आणि डाव्या कानाकडे वाहिलं. शब्द जसे होते तसे. मनात हे होतं की मंगलच्या चर्चला मुलासाठी जे करायचं असतं, तेच या मुलीला व्हावं.

तू सांगितलेलं मी लिहिणार नाही. मला तुझा राग आला नाही, पण दोन रात्री नीट झोपले नाही. ते शब्द मी एकदा म्हटले आणि एकोणतीस वर्षं घेऊन फिरले. सूनबाईच्या बाळंतपणात, हजला जाताना, प्रत्येक वेळी मनात यायचं की माझ्या खात्यावर हे एक आहे. आता तू म्हणतेस, ते घडलं की नाही आठवत नाही असं म्हण. बाळ, मग एवढी वर्षं मी काय वाहून नेलं? ते खोटं होतं असं म्हणायचं तर माझं ओझंही खोटं. ते मला जमणार नाही. आणि तुझं कपाळ मी विसरले नाही. वॉर्डात हजार मुलं हाताखालून गेली असतील, पण कपाळ तेवढं एकच लक्षात आहे.

आणखी एक. तुला ते जाणतेपणी हवं होतं. पण तू मरत होतीस. जाणत्या झाल्यावर घे म्हणून थांबलं असतं तर साडी कोणी घेतली असती?

माझ्या घरात कळेल अशी काळजी केलीस, तेही मिटवलं. चाचांना सांगितलं. इफ्तारनंतर, खजूर तोंडात असताना, म्हणजे लगेच बोलता येऊ नये. ते बराच वेळ बी चघळत बसले. मग म्हणाले, "पोर जगली न्हवं? मग झालं तर." थोड्या वेळानं म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला तीस वर्सं लावलीस व्हय." त्यानंतर मला रडू आलं. तुझ्या आईच्या मयतीनंतर पहिल्यांदा. माणसाला ओळखायला चाळीस वर्षं कमी पडतात.

मग मी ठरवलं, एका जागी बोलले तर दुसरीकडेही बोलावं. मंगलला दिलेला शब्द मोडला. ती भेटली की तिथं तिच्याशी भांडेन. रिक्षानं तुझ्या आप्पांकडे गेले. ते शेतात होते. मला बघून पाईप टाकून आले, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. त्यांनी पायांचा चिखल पुसला. मग विचारलं, "म्हंजे मी तिला पैल्यांदा हातात घेतली, तवाच ती तशी हुती?"

"व्हय," मी म्हटलं.

"आन् बेंदराला बैलं रंगवत हुती तवा? माज्या बापाला खांदा द्यायला पुढं झाली तवा?"

"तवा बी."

ते बांधावर बसले. रिटायर सुभेदार, ताठ बसणारा माणूस, तो वाकून बसला. म्हणाले, "एकोनतीस वर्सं ती ख्रिस्ती हुती आन् माझीच हुती. मग मी दिवाळीपासनं भांडतोय कशापायी?" मी समोरचा चहा पिऊन टाकला. रोजा होता हे तो संपल्यावर लक्षात आलं. विसरून घेतलं तर रोजा मोडत नाही असं चाचा म्हणतात.

पाणी मिळणार नाही याचं तुला वाईट वाटतं, ते मला समजतं. पण तुला ते नव्यानं मिळालं असतं तर उदयसिंहांची समजूत खरी ठरली असती, की या एप्रिलला त्यांची पोरगी गेली. आता तसं म्हणायला त्यांना जागा नाही.

चिठ्ठीचं नंतर लिहिते.

मेहरून


सातारा
२३ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

ईदच्या उशिरा शुभेच्छा, आणि मागच्या पत्रातल्या मागणीबद्दल माफी. ती मागणी विसरा असं म्हणणार होते, पण तुम्ही काही विसरत नाही.

कागद फादरांनी पुण्याला महागुरुस्वामींकडे, म्हणजे बिशपांकडे, पाठवले. तुमची चार उत्तरं ग्राह्य धरली गेली. तुमचा कागद त्यांनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "क्रांती, तुझ्या बाप्तिस्म्यात काही कमी नव्हतं. कमी होतं ते तुझ्या माहितीत." मला दृढीकरण देण्याची परवानगी महागुरुस्वामींकडून लेखी आली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. चौघे कुंडाकडे गेले. मी मेणबत्ती धरून बाजूला उभी राहिले, पांढऱ्या साडीत, कोरडी. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही, खोटं कशाला सांगू. पण पाणी त्या चौघांच्या कपाळावरून कानाकडे वाहताना बघितलं आणि मला एकदम तुमचा कापूस आठवला. नंतर फादर सगळ्यांवर पाणी शिंपडत आले, आपापल्या बाप्तिस्म्याची आठवण ठेवा म्हणून. सगळे डोळे मिटून घेतात. मी उघडे ठेवले. मला आठवायला काही नव्हतं, म्हणून तुम्ही लिहिलेलं आठवलं.

मग तेल. फादरांनी अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला, तुम्ही पाणी घातलंत त्याच जागी. तेलाला वास असतो, बाल्समचा. दोन दिवस केसांना येत होता, मी नहाणं टाळलं.

आप्पा आले होते. मी बोलावलं नव्हतं. आष्ट्याहून एस.टी.नं, पांढरा फेटा बांधून, शेवटच्या ओळीत, आईच्या जागी. कम्युनियनची वेळ झाली. मी उठले. पुढं जाताना मागं वळून बघायचं नसतं, पण बघितलं. आप्पा बसलेले होते. बाकीचे बाकावरून उठून बाहेर पडत होते आणि ते दर माणसाला गुडघे बाजूला करून वाट देत होते.

भाकर पातळ असते, जिभेवर लगेच विरघळते. आई त्यासाठी तीस वर्षं बसून राहिली होती. मी दोघींच्या वाटची घेतली असं समजते, असा काही नियम नाही.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "भूक लागली आसंल." साताऱ्यातल्या एका खानावळीत आम्ही जेवलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

आता एक काम. बाप्तिस्म्याची नोंद, तो जिथं झाला तिथल्या चर्चच्या पुस्तकात करावी लागते. जमिनीसारखंच, गाव जिथलं दप्तर तिथलं. म्हणजे सांगलीत. साक्षीदार म्हणून तुम्हाला तिथं सही करायला जावं लागेल, आणि पालक म्हणून आप्पांना. पुस्तकात "संस्कार देणारा" असा एक रकाना असतो. फादर म्हणाले, मेहरुनबींना संकोच वाटत असेल तर तिथं फक्त "एक परिचारिका" असं लिहिता येईल. तुमची इच्छा कळवा, मी तसं सांगते.

तुमची,
क्रांती


आष्टा
१४ मे २०२५

प्रिय क्रांती,

इच्छा कळवण्याऐवजी काम करूनच आलो. उदयसिंह सकाळी जीप घेऊन आले. चाचाही बसले, म्हणाले, सही करताना बायकोला एकटं सोडू नये.

सांगलीच्या फादरांनी जाडजूड पुस्तक काढलं. १९९५ च्या पानावर जागा नव्हती, म्हणून समासात खूण करून शेवटी नवं पान घेतलं. जन्म ७ नोव्हेंबर, बाप्तिस्मा ९ नोव्हेंबर. आई मंगल, पिता उदयसिंह. आप्पांनी सही केली ती अशी की कागद फाटेल की काय. मग तो रकाना. मी आधीची पानं चाळून बघितली. सगळीकडे फादर, फादर, फादर. मी म्हटलं, परिचारिका हजार होत्या. पूर्ण नाव लिहा. आणि पुढं मुसलमान असंही लिहा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी पान उघडलं तर त्यानं माझा गैरसमज करून घेऊ नये. फादरांनी दोन्ही लिहिलं. मशीन कानात घालून गेले होते, म्हणून चाचांनी ते वाचून दाखवलं तेव्हा नीट ऐकू आलं.

येताना आष्ट्याच्या अलीकडे उदयसिंहांनी रसवंतीला गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "आपा, तवा तुमी नसता तर?" मी म्हटलं, तर दुसरी कोणी असती. खरं म्हणजे नसती. त्या दुपारी वॉर्डात मी एकटीच होते.

आता चिठ्ठी. तू मार्चमध्ये विचारलंस, मी टाळलं. चर्चला पुरावा म्हणून दिली असती तर ती फाइलला लागली असती, आणि दप्तरात गेलेला कागद परत येत नाही हे तूच सांगत असतेस. ती माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटच्या मागं, एकाच काचेत, एकोणतीस वर्षं होती. चाचांनी ती फ्रेम तीनदा पुसून पुन्हा भिंतीला टांगली, त्यांना कधी कळलं नाही. मंगलच्या हातचं माझ्याकडे तेवढंच होतं.

काल फ्रेम उघडली. कागद पिवळा पडलाय, टेम्परेचरची अर्धी रेघही दिसते, पण शाई आहे. तुझं नाव सगळ्यात वर आहे, ते तिनं पहिल्यांदा तिथंच लिहिलं.

चिठ्ठी सोबत पाठवते आहे, जपून ठेव. मला ती लागत नाही. शब्द पाठ आहेत.

मेहरून